गूगलवरून घसरलेली साइट आणि हलका मजकूर : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात बसून मी लोकांच्या साइट दुरुस्त करतो. केळी रोपांची नर्सरी, लॉज, मसाल्याचं दुकान, रेसिपी लिहिणाऱ्या ताई, बाजारभाव टाकणारी पोरं, सगळेच येतात. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, साइट गायब झाली." तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे पान लिहिलं. प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ठेवले आहेत.

महिन्यापूर्वी पहिल्या पानावर होतो, आता सापडत नाही. आधी काय बघू?

आधी मजकुराला हात लावू नका. स्वतःच्या फोनवर स्वतःच्याच दुकानाचं नाव शोधून पाहणं ही काही तपासणी नाही. तुम्ही कुठे आहात, आधी काय पाहिलंय, यावरून गूगलचे निकाल बदलतात. सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपली साइट शोधात कशी चालते ते दाखवणारं गूगलचं साधन. ते फुकट आहे आणि त्यात मागच्या १६ महिन्यांचा हिशोब राहतो. म्हणजे या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी करता येते.

आपल्या भागात ही तुलना नाही केली तर हमखास फसगत होते. केळी रोपं लोक मृग बागेच्या आधी शोधतात. भरिताची वांगी हिवाळ्यात, सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हा तिथल्या मुक्कामाच्या सोयींवर कोणी पान लिहिलं असेल, तर ते मार्चमध्ये कोसळणारच. तो गूगलचा राग नव्हे, मांडव उतरला एवढंच.

मग तिथेच 'मॅन्युअल कारवाई' (गूगलच्या माणसाने नियमभंगासाठी केलेली शिक्षा) आणि 'सुरक्षा' हे दोन रकाने बघा. तिथे काही लिहिलेलं असेल तर तेच कारण, पुढचं वाचायची गरज नाही. नसेल तर पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदवहीत, आहेत का ते तपासा. मी स्वतः एका साइटचं नवं डिझाइन चढवताना 'सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका' या चौकटीतली खूण काढायला विसरलो होतो. अकरा दिवस मालक मजकुराला दोष देत होता आणि मी गूगलला.

हे सगळं ठीक असूनही एका ठरावीक तारखेपासून बहुतेक पानं एकदम खाली सरकली असतील आणि त्याच सुमारास गूगलचा कोअर अपडेट (निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) आला असेल, तर मात्र मजकुराकडे वळा. या अपडेटच्या तारखा गूगल स्वतः जाहीर करतं.

आणखी एक प्रकार असतो. क्रमांक तोच, निकालांत दिसणंही तेवढंच, पण क्लिक कमी. निकालांच्या वर येणारा एआयचा सारांश भारतात ऑगस्ट २०२४ पासून दिसायला लागला, आणि सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर बऱ्याच जणांना तिथेच मिळून जातं. ही घसरण वेगळी, तिच्यावरचा इलाजही वेगळा.

हलका मजकूर म्हणजे नेमका कसा? आमच्या पानांवर व्याकरणाची एकही चूक नाही.

व्याकरणाचा इथे फारसा संबंध नाही. शुद्ध, गुळगुळीत आणि निरुपयोगी अशी पानं मी रोज बघतो. वाचून झाल्यावर माणूस मागे जाऊन दुसरी साइट उघडत असेल, तर ते पान हलकं. दहा साइटवर आहे तेच अकराव्यांदा सांगितलं असेल, तर हलकं. मथळ्यात 'आजचा भाव' आणि आत सहाशे शब्द केळीच्या फायद्यांचे, तर हलकं आणि वर खोटंही.

माझी कसोटी साधी आहे. रावेरच्या एखाद्या केळीवाल्याला तुमचं पान वाचायला द्या. त्याला त्यात एक तरी नवी किंवा कामाची गोष्ट मिळाली का? पान त्याच्यासाठी नसेल, मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी असेल, तर त्या गिऱ्हाइकाला विचारा. पण कोणाला तरी विचाराच.

गूगल हे कधीपासून बघायला लागलं?

फेब्रुवारी २०११ पासून, पांडा नावाच्या बदलाने. नाव प्राण्यावरून वाटतं, पण ते गूगलमधल्या नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून पडलं. त्या वेळी शब्दामागे शब्द जोडून हजारो लेख पाडणारे कारखाने होते, ते यात सापडले. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल तेव्हा बदलले. २०१६ मध्ये पांडा निकालांचा क्रम लावणाऱ्या मुख्य प्रणालीतच मिसळला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये 'उपयुक्त मजकूर' नावाचा वेगळा बदल आला आणि मार्च २०२४ मध्ये तोही मुख्य प्रणालीत गेला. म्हणून "पांडा लागला का हो?" असं आता विचारण्यात अर्थ नाही. वेगळा पांडा उरलाच नाही, तपासणी कायमचीच चालू असते.

यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या प्रणाली एकेका पानाकडे बघतातच, पण काही संकेत अख्ख्या साइटचे असतात. चाळीस चांगली पानं आणि चारशे भरताडाची पानं एकाच छपराखाली असतील, तर भरताडाचा बोजा चांगल्या पानांवरही पडू शकतो.

रावेर, यावल, चोपडा, सावदा, फैजपूर… प्रत्येक गावासाठी वेगळं पान केलं होतं. त्यात काय चुकलं?

गाव बदललं, बाकी काहीच बदललं नाही, हे चुकलं. 'रावेरमध्ये उत्तम केळी रोपे', 'यावलमध्ये उत्तम केळी रोपे', आत तोच मजकूर, तोच फोटो, तोच फोन नंबर. गूगलच्या स्पॅम नियमांत (शोधाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्धच्या नियमांत) या प्रकाराला डोअरवे पानं म्हणतात. दार दहा ठिकाणी, खोली एकच.

अशीच एक साइट माझ्याकडे आली होती, नर्सरीची. गावांची साठेक पानं होती. मालकांना म्हटलं, दादा, या साठ गावांबद्दल तुम्हाला वेगवेगळं काय माहीत आहे ते सांगा. ते हसले. मग चहा आला, आणि सांगायला लागले : तापीकाठची काळी कसदार जमीन कुठे, हलकी मुरमाड कुठे, कुठे वारा जास्त लागतो म्हणून बांधाला शेवरी लावावीच लागते, कुठल्या रस्त्याला क्रेट भरलेली गाडी आत जात नाही. साठ गावांची मिळून पाच पानं झाली, पण पाचही एकमेकांपासून वेगळी. उरलेल्या पानांचे पत्ते (यूआरएल) आम्ही त्या पाचांकडे वळवले.

एखाद्या गावात तुमची खरोखर शाखा असेल, तिथला माणूस, वेळ, पत्ता वेगळा असेल, तर वेगळं पान जरूर करा.

एक पान सुधारून दाखवाल का?

त्याच नर्सरीचं घेतो. आधीचं पान असं सुरू व्हायचं : "केळी हे जगातील एक महत्त्वाचे फळपीक आहे. केळीमध्ये पोटॅशियम भरपूर प्रमाणात असते." ज्याच्या दोन पिढ्या केळीत गेल्या, त्याला आपण पोटॅशियम शिकवतोय. तो भाव विचारायला आला होता, तिसऱ्या ओळीला निघून गेला.

मी मालकांना विचारलं, फोनवर लोक काय विचारतात? त्यांनी न थांबता यादी दिली. एकरी किती रोपं लागतील? आता लावू का, ऊन उतरल्यावर लावू? मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायला रोपं देता का? हरण्या आला तर काय करायचं?

नवं पान या प्रश्नांवरच बांधलं. ५ बाय ५ फुटांवर एकरी साधारण १,७४० रोपं, ६ बाय ५ वर १,४५० च्या आसपास. हा हिशोब आधीच्या पानावर नव्हताच, आणि पहिला प्रश्न नेमका तोच! लागवड संध्याकाळी करा, आधी ठिबक चालवून वाफसा बघा. मोठा फरक पडला तो हरण्यामुळे. जुन्या पानावर 'कुकुंबर मोझॅक विषाणू' असं पुस्तकी नाव होतं, पण बांधावर त्याला हरण्याच म्हणतात आणि शोधतानाही तेच टाइप करतात. आता दोन्ही नावं आहेत. मावा हा रोग पसरवतो, बागेत किंवा शेजारी काकडी-भोपळ्याच्या जातीचं पीक घेऊ नये, रोगट झाड ठेवून वाट बघू नये, उपटून नष्ट करावं, हे मालकांच्याच शब्दांत लिहिलं. सोबत त्यांनी बांधावर उभं राहून काढलेले पानांचे फोटो टाकले, थोडे धूसर, पण स्वतःचे. विकत घेतलेल्या चित्रांत केळीची झाडं फिलिपिन्सची असतात आणि आपल्या माणसाला ते लगेच कळतं.

शब्द आधीपेक्षा कमी झाले. मालकांना त्याचंच वाईट वाटत होतं.

मग किती शब्दांचा लेख लागतो?

असा कोणताही आकडा नाही. गूगलने ठरवून दिलेली शब्दसंख्या नाही. एकरी रोपांचा हिशोब चार ओळींत संपत असेल तर चार ओळी.

आम्ही रोजचे बाजारभाव टाकतो. रोज नवं पान होतं. तेही हलकं का?

हे दुखणं आपल्याकडे फार आहे. रावेरचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव, नंदुरबारच्या मिरचीचा भाव, रोज नवा पत्ता, आत एक आकडा आणि खाली कालचाच परिच्छेद. वर्षाची ३६५ पानं, त्यातली ३६४ शिळी. शेतकऱ्याला आजचा भाव हवा असतो, आणि गूगल त्याच्यापुढे कधी मागच्या श्रावणातलं पान ठेवतं. तो चिडतो आणि परत येत नाही.

पिकाचं आणि बाजाराचं मिळून एकच कायमचं पान ठेवा. पत्ता बदलू नका, वरचा आकडा रोज बदला, खाली मागच्या महिन्याचा तक्ता. भाव कोणी जाहीर केला, कोणत्या प्रतीच्या मालाचा, क्विंटलला की किलोला, हे स्पष्ट लिहा. वर्षभर तक्ता साठला की तुमच्याकडे अशी गोष्ट तयार होते जी कॉपी करणाऱ्याकडे नाही : गेल्या वर्षी याच आठवड्यात काय भाव होता. व्यापारी भले आजचा भाव फोनवर विचारेल, पण मागचा बघायला तुमच्याकडेच येईल.

जुन्या ३६४ पानांचं काय, हा प्रश्न लगेच येतोच.

जुनी पानं उडवू, की सुधारू?

केळीची पिलं मुख्य झाडाचं पोषण खातात म्हणून कापता, त्याच कारणाने इथेही कापायचं असतं. पण सरसकट नाही. कात्री घेण्याआधी प्रत्येक पानाबद्दल दोन गोष्टी बघा : गेल्या वर्षात तिथे कोणी आलं का, आणि बाहेरच्या कुठल्या साइटने त्या पानाला लिंक दिली आहे का. गिऱ्हाईक येत नसेल पण एखाद्या महाविद्यालयाने किंवा वर्तमानपत्राने लिंक दिली असेल, तर ते पान उडवणं म्हणजे घरचं सोनं भंगारात घालणं.

विषय चालतोय पण मजकूर कच्चा, तर त्याच पत्त्यावर नव्याने लिहा. एकाच विषयाची चार पानं एकमेकांच्या पायात पाय घालत असतील तर चारांचं एक करा आणि बाकी तीन पत्ते ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे कायमच्या वळणाने, तिकडे वळवा. ज्याला ना वाचक, ना लिंक, ना सुधारण्यासारखं काही, ते काढून टाका. पत्त्यावर ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ४१० (पान कायमचं काढलं) आला तरी काही आभाळ कोसळत नाही. मात्र काढलेली सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवू नका. वाचक गोंधळतो, आणि गूगलही बहुधा अशा वळणाला 'पान सापडलं नाही' असंच धरतं. गिऱ्हाइकाला लागतं पण शोधात यायची गरज नाही, उदाहरणार्थ जुन्या पावत्यांचं किंवा आभाराचं पान, त्याला नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' ही खूण, लावा.

आणि आधी बॅकअप घ्या. हे मी ओरडून सांगतो, तरी दर वर्षी कोणीतरी रडत येतंच.

एआयकडून लिहून घेतलं तर गूगल पकडतं का?

पकडायचा प्रश्नच चुकीचा आहे. मजकूर कोणत्या अवजाराने लिहिला यापेक्षा तो कामाचा आहे का हे बघतो, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मार्च २०२४ मध्ये मात्र स्पॅमचे नियम कडक झाले. क्रमांक वाढवण्यासाठी घाऊक प्रमाणात पानं पाडणं आता स्पॅममध्ये धरलं जातं, मग ती यंत्राने पाडलेली असोत की माणसाने.

माझा अनुभव सांगतो. शेवभाजीची रेसिपी यंत्राकडून लिहून घेतली तर त्यात टोमॅटो आणि क्रीम येतं. कळण्याच्या भाकरीत गव्हाचं पीठ येतं. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत, पण ती रेसिपी छापणाऱ्या साइटला नव्हतं. लिहून घ्यायचं तर घ्या, पण आईला वाचून दाखवल्याशिवाय टाकू नका.

मराठीत स्पर्धाच नाही, मग एवढी मेहनत कशाला?

स्पर्धा नव्हती तेव्हा काहीही वर यायचं, हे खरं. आता इंग्रजी लेख यंत्राने मराठीत उलटवून टाकणाऱ्या साइटचा पूर आला आहे. नियम मराठीलाही तेच आहेत. तुमचा फायदा एवढाच की त्या साइटना भरिताची वांगी कशावर भाजतात ते ठाऊक नाही, तुम्हाला आहे. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीलाही भौगोलिक मानांकन आहे. नुसतं तेवढं लिहून थांबणारी पानं ढिगाने सापडतील. वांगं चांगलं कसं ओळखावं, बी किती असावं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं आणि गॅसवर भाजलेलं यात काय फरक पडतो, हे सांगणारी मोजकीच.

अहिराणीत लिहिलं तर चालेल?

चालेल काय, लिहाच. शोधणारे थोडे असतील, पण कानबाईची गाणी किंवा आखाजीच्या चालीरीती शोधत आलेला माणूस शेवटपर्यंत वाचतो. मथळा आणि थोडक्यात ओळख मराठीत ठेवा, म्हणजे पुण्यात वाढलेल्या नातवालाही सापडेल. फक्त कीवर्डसाठी, म्हणजे शोधातले शब्द जुळावेत म्हणून, मध्येच दोन अहिराणी शब्द कोंबू नका. कानाला ते बरोबर खुपतं.

लेखकाचं नाव आणि माहिती टाकल्याने फरक पडतो?

नुसतं नाव चिकटवल्याने नाही. शोधाचे निकाल चांगले आहेत का ते तपासायला गूगल माणसं नेमतं. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वास यांच्या जोडीला 'अनुभव' हाही निकष घातला. ते परीक्षक तुमचा क्रमांक ठरवत नाहीत, पण गूगलला काय हवंय ते त्यावरून कळतं. फवारणीचं प्रमाण लिहिणाऱ्याने आपण कोण, किती वर्षं केळीत आहोत, हे सांगायलाच हवं. घरगुती औषधांच्या साइटवाल्यांनी तर दुप्पट जपावं. आरोग्य आणि पैसा या विषयांत गूगल जास्त कडक असतं, आणि असायलाच हवं.

जुन्या लेखाची तारीख आजची टाकली तर?

आत काही बदललं असेल तर टाका. नसेल तर ती शिळ्या भाकरीला फोडणी.

शंभर बॅकलिंकचं पॅकेज स्वस्तात मिळतंय…

नको. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने आपल्या साइटला दिलेली लिंक. विकतच्या लिंकांना आळा घालायला गूगलने एप्रिल २०१२ मध्येच पेंग्विन नावाचा बदल आणला होता. त्या पैशात बांधावर जाऊन फोटो काढा.

जाहिराती आणि साइटचा वेग?

पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला अडीच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, वाचताना पान उड्या मारू नये. याने हलका मजकूर जड होत नाही. पण भाव बघायला आलेल्या माणसाला आधी तीन जाहिराती बंद कराव्या लागत असतील, तर तो भाव कोणासाठी टाकलाय तेच कळत नाही.

सगळं केलं. आता किती दिवसांत वर येईन?

एक-दोन पानं सुधारली असतील तर काही आठवड्यांत हालचाल दिसू शकते. साइटच घसरली असेल तर महिने मोजायची तयारी ठेवा. गूगलला पानं पुन्हा वाचावी लागतात आणि सुधारणा टिकाऊ आहे याची खात्री पटावी लागते. कधी कधी पुढचा कोअर अपडेट येईपर्यंत फारसं काही हलत नाही, आणि ते वर्षातून मोजकेच येतात. जुनी जागा परत मिळेलच असंही नाही, मधल्या काळात दुसऱ्या कोणीतरी चांगलं लिहिलेलं असतं. मॅन्युअल कारवाई असेल तर दुरुस्तीनंतर पुनर्विचाराचा अर्ज करावा लागतो. त्यात काय चुकलं, काय काढलं, हे सरळ लिहा. सारवासारव करू नका.

पहिल्या नंबरची हमी देणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय.

प्रश्नोत्तरांचं पान केलं की निकालात प्रश्न उघडून दिसतात ना?

पूर्वी दिसायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरती आक्रसली. त्यामुळे हे पान मी त्या लोभाने लिहिलेलं नाही, फोन कमी व्हावेत म्हणून लिहिलंय.

माझं पान कोणीतरी जसंच्या तसं उचललं आणि तो माझ्या वर दिसतो. काय करू?

आधी त्याला ईमेल करा, बरेच जण घाबरून काढतात. नाही काढलं तर गूगलकडे कॉपीराइट उल्लंघनाची तक्रार करायचा फॉर्म आहे. त्यात तुमच्या मूळ पानाचा पत्ता आणि त्याच्या पानाचा पत्ता द्यावा लागतो. खोटी तक्रार अंगाशी येऊ शकते, म्हणून मजकूर खरंच तुमचाच असेल तरच भरा. फोटोंच्या मूळ फाइल फोनमधून पुसू नका, काढल्याची तारीख त्यांच्यातच असते. त्या नर्सरीच्या हरण्याच्या फोटोंचं असंच झालं होतं. उचलणाऱ्याने खालचा फोन नंबरसुद्धा बदलला नव्हता, त्यामुळे आठवडाभर त्याच्या साइटवरून फोन यायचे ते आमच्या मालकांनाच.